जालन्याच्या पाण्यात फेस

संपादकांनी सांगितलेलं काम तसं चैनीचं होतं. विलायती घराण्यांचे महागडे दाढीचे साबण आणि हल्ली हौशी कारागीर छोट्या कढयांत बनवतात ते साबण, यांची तुलना करायची. पुण्यात घरच्या आरशासमोर उभं राहूनही ती झाली असती. पण आपण दिवसाला एक दाढी करणार, तीही स्वतःचीच. ज्याचा हात आयुष्यभर दुसऱ्यांच्या गालांवर फिरला आहे त्याच्यापुढे हे साबण ठेवावेत असं वाटलं. जालन्याच्या जुन्या बाजारात असं एक दुकान ओळखीतून कळलं होतं, म्हणून पिशवी घेऊन तिकडे गेलो.

दोन खुर्च्यांचं दुकान. रस्त्याकडच्या खुर्चीवर मुलगा ट्रिमर चालवतो, आतल्या खुर्चीवर वडील. मराठवाड्यात अनोळखी वडीलधाऱ्याला मामा म्हणायची पद्धत आहे, मीही म्हटलं. मामांनी माझ्या वड्या एकेक करून हुंगल्या, नखाने कोरून पाहिल्या आणि पहिला प्रश्न किमतीचा विचारला. इंग्रजी वडीची किंमत दोन हजारांच्या वर आहे हे ऐकून ते मुलाकडे वळले आणि म्हणाले, "ऐकू ऱ्हायला का रे? आपल्या खुर्चीइतकी वडी."

या वड्यांचा कुळाचार थोडक्यात सांगतो, कारण तो त्यांच्या खोक्यांवर छापलेलाच असतो. लंडनचं ट्रूफिट अँड हिल १८०५ चं, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ चं, ट्रम्पर १८७५ चं. ट्रूफिटची दुकानं आता मुंबईतही आहेत. अशा घराण्यांचा नावाजलेला साबण दळलेला असतो. साबणाचे कीस वाळवून, त्यात अत्तर घालून, ते जड रुळांतून पुन्हा पुन्हा काढतात आणि मग दाबून वडी पाडतात. पाणी कमी उरतं, त्यामुळे वडी दगडासारखी टणक होते आणि महिनोन्‌महिने झिजत नाही. इटलीची तऱ्हा निराळी. मिलानचं चेल्ला हे १८९९ पासूनचं नाव आजही न्हाव्यांसाठी बदामाच्या वासाच्या मऊ साबणाची किलोची वीट विकतं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली प्राण्यांच्या चरबीशिवाय, निव्वळ वनस्पती तेलांचा 'चावी' साबण काढला. पुढे गोदरेजची दाढीची गोल वडी आली आणि गावोगावच्या न्हाव्यांच्या वाटीत जाऊन बसली. मामांनी कामाला सुरुवात केली ती त्याच वडीवर.

कारागिरांच्या साबणाची गंमत कढईत आहे. दाढीच्या साबणात निम्म्याच्या आसपास स्टिअरिक आम्ल असतं. अंगाच्या साबणात ते इतकं कधीच नसतं. हे पांढरे मेणचट दाणे साधारण सत्तर अंशांना वितळतात, आणि त्यावर क्षाराचं पाणी पडलं की बघता बघता सगळा घाणा पिठल्यासारखा घट्ट होतो. डाव थांबवायचा नाही. क्षार दोन घालतात. सोडियमचा क्षार वडीला टणक करतो, पोटॅशियमचा मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारी करतो, म्हणून दाढीसाठी पोटॅशियमचा वाटा मोठा. खोबरेल बुडबुडे लवकर उठवतं, पण ते टिकत नाहीत; दाट, न बसणारा फेस स्टिअरिकचा. तेलाचा साबण होताना आपोआप तयार होणारं ग्लिसरिन मोठे कारखाने बहुधा काढून वेगळं विकतात. कारागीर ते साबणातच राहू देतो. गालाला जो ओलावा टिकून राहिल्यासारखा वाटतो तो बराचसा त्याचा.

माझा जीव अडकला तो मामांच्या ब्रशात. डुकराच्या केसांचा साधा ब्रश, वर्षानुवर्षांच्या वापराने टोकं फाटून मऊ झालेला. ब्रश भिजवायचा, अंगठा आणि दोन बोटांनी पिळायचा, पण कोरडा करायचा नाही. किती पाणी ठेवायचं हे त्यांच्या बोटांना ठाऊक. गिऱ्हाइकाच्या गालावर आधी नुसतं पाणी, तेही बोटांनी चोळून चोळून, आणि ते घाई करत नाहीत. मुलगा हे काम दोन फवाऱ्यांत उरकतो. मामांचे वडील गावात बलुत्यावर काम करत. धोकटीत वस्तरा, कातर, वाटी आणि आरसा. साबण नव्हताच. दाढी पाण्यावर व्हायची. आपण त्याला गरिबी म्हणतो, पण शास्त्र त्या म्हाताऱ्याच्या बाजूचं आहे. खुंट मऊ करतं ते पाणीच. केस दोन-तीन मिनिटांत पाणी पिऊन फुगतो आणि पात्याला कमी विरोध करतो. साबण वरचं तेल काढतो, पाणी केसापाशी धरून ठेवतो, वस्तऱ्याला घसरण देतो. सगळ्या महाग-स्वस्त फेसांचं काम एवढंच.

आणि पाण्यावरच माझी तुलना बारगळली. मामांनी इंग्रजी वडीवर ब्रश फिरवला, फिरवतच राहिले. फेस आला तो विरळ, आणि गालावर पोचेपर्यंत बसला. वाडग्याच्या कडेला करडा चिकट थर तेवढा धरला. हाताने बनवलेल्या मऊ साबणाने जरा बरं केलं, तेही भरपूर उचलल्यावर. मग त्यांनी आपली रोजची ट्यूब पिळली, ब्रश चारदा फिरवला आणि फेस उभा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान लपत नव्हतं. "बोरचं पानी हाये, साहेब," ते म्हणाले, "याला हाच साबन पुरतो."

दख्खनच्या काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मुरलेलं असतं. साबणाचा रेणू आधी त्यांच्याशी जुळतो, न विरघळणारा चोथा होतो, आणि पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं संपल्यावर उरलेल्या साबणाचा फेस व्हायला लागतो. त्यात स्टिअरिकचा साबण विशेष नाजूक. ज्या गुणासाठी त्याची किंमत, तोच गुण बोरच्या पाण्यात त्याला आडवा येतो. टणक दळलेली वडी ब्रशाला एका वेळी थोडाच साबण देते आणि तो थोडका साबण चोथ्यातच संपतो. मऊ साबण जास्त सुटतो, म्हणून निभावतो. कारखान्यांच्या क्रीममध्ये बहुधा ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते कॅल्शियमला स्वतःच धरून बसतं आणि साबणाला मोकळं सोडतं. ट्यूबवरच्या घटकांच्या यादीतही स्टिअरिक आम्ल आणि पोटॅशियमचा क्षार सापडतात. म्हणजे कुळ तेच, फक्त पाण्याची तजवीज केलेली.

कोपऱ्यात शुद्ध केलेल्या थंड पाण्याचा जार होता, गिऱ्हाइकांना प्यायला. मामांनी थोड्या नाखुशीनेच त्यातलं वाटीभर घेतलं, आणि त्याच इंग्रजी वडीने असा फेस दिला की मुलगाही ट्रिमर बंद करून बघायला आला. दाट, चकचकीत, बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहणारा. मामांनी त्या फेसावर एकाची दाढी केली, उलटा हातही मारला आणि तुरटी फिरवताना कबूल केलं की असा वस्तरा बऱ्याच दिवसांत चालला नव्हता. हाताने बनवलेल्या साबणाचा फेस त्याहून किंचित ओला, वस्तऱ्यासाठी मला तोच जास्त आवडला. अत्तरात इंग्रज पुढे. मागितलेल्या तुलनेचा निकाल एवढाच आहे आणि तो जारच्या पाण्यातला आहे.

म्हणून मराठवाड्यात कोणी असा साबण काढायचं म्हणेल तर त्याची पहिली गाठ पाण्याशी. जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळातला. पुढे जायकवाडीहून जलवाहिनी आली, तरी नळाला रोज पाणी येईल असा भरवसा या गावाला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्याने पाण्यासाठी काय काय केलं ते मामा सांगतात तेव्हा साबणाचा विषय क्षुल्लक वाटू लागतो. तेव्हा दुकानातल्या वाटीचं पाणी दिवसभर पुरवायचे, म्हणाले. कारागिराने साबणात ईडीटीए घातलं तर फेस येईल, पण मग डब्यावरचा 'शंभर टक्के नैसर्गिक' हा शिक्का कसा ठेवायचा? त्याच शिक्क्याचे तर पैसे मिळतात.

दुसरी गाठ कागदांशी. साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो. बनवून विकायचा तर २०२० च्या नियमांप्रमाणे उत्पादनाचा परवाना हवा, म्हणजे जागा, तपासणी, जाणकार माणूस. स्वयंपाकघरातल्या कढईला हे झेपत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला, त्याचा मोठा लाभ ट्यूबवाल्यांनाच. चरबीचा प्रश्न तर निघतच नाही. परदेशी कारागीर गाईची चरबी अभिमानाने डब्यावर लिहितात. इथे ते लिहिलेला डबा दुकानात ठेवायची छाती कोणाची?

मग ब्रश. एकच ब्रश सगळ्यांच्या गालांवर फिरतो हे गिऱ्हाइकांना आता खटकतं, आणि ते चुकीचं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या दूषित ब्रशांमुळे अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, दाढी करणाऱ्यांना झाली होती. वाटीतली वडी गेली आणि ट्यूब आली त्यात अशी धास्तीही असावी, शिवाय वेळ वाचतो. करोनात तर कहर झाला. २८ जून २०२० पासून राज्यात सलून उघडायला परवानगी मिळाली ती केस कापण्यासारख्या मोजक्या कामांपुरती, दाढी बंदच. मामा तेव्हा खुर्चीत नुसते बसून असत, मुलगा काम करी. बंदी उठल्यावरही जुनी काही गिऱ्हाइकं परतली नाहीत. घरी करायला शिकली होती.

आणि तरुणांना तर दाढी हवी आहे. मुलाच्या खुर्चीवर दाढीला आकार देण्याचे पैसे साध्या दाढीपेक्षा जास्त मिळतात. साबण लागत नाही, पाणी लागत नाही, बोरचं का जारचं हा प्रश्नच नाही. त्याला मी मऊ साबणाचा डबा ठेवून घे म्हटलं तर त्याने सरळ हिशेब मांडला. डबा सहा-सातशेचा. बोरच्या पाण्यात साबण दुप्पट जाणार, जार लावला तर त्याचे पैसे वेगळे, आणि एका दाढीला आपला अर्धा तास. दर वाढवला तर समोरच्या दुकानात जातील.

मामांनी मध्येच विचारलं, "लग्नसराईत नवरदेवाला वापरला तर?"

मुलगा म्हणाला, "नवरदेव पन दाढी ठेवून बोहल्यावर चढू ऱ्हायले, बाबा."