कंपनीवर दावा लावायचा तर कुठे ?



गटात फिरताना खाप्याच्या एका सभासदाने आम्हाला ठिबक संचाची पावती दाखवली. नळ्या पहिल्याच उन्हाळ्यात चिरल्या. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, आणि पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले, ‘सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन’. भाऊ म्हणाले, “साहेब, नळ्यांच्या पैशासाठी मुंबईले कोन जाते ?” आणि पावती घडी करून खिशात टाकली. कंपनीला नेमके हेच हवे असते. आम्ही काही वकील नव्हे, पण चौकशी करून जे कळले ते येथे देत आहोत.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची. तिच्या कलम २० प्रमाणे दावा प्रतिवादी जेथे राहतो वा धंदा करतो तेथे, किंवा वादाचे कारण पूर्ण वा अंशतः जेथे घडले तेथे लावता येतो. आता कंपनी माणसासारखी एका घरात राहात नाही. म्हणून त्याच कलमाखाली खुलासा दिला आहे: कंपनीचा धंदा तिच्या मुख्य कचेरीच्या गावी चालतो असे धरावे, पण जेथे तिची शाखा आहे आणि वादाचे कारणही तेथेच घडले, तेथे धंदा त्या शाखेच्या गावी धरावा.

मग त्या छापील ओळीचे काय ? १९७१ साली हकम सिंग विरुद्ध गॅमन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दोन ठिकाणच्या न्यायालयांना अधिकार असेल तर करार करून त्यातले एक निवडता येते. ठेकेदार वाराणसीला गेला होता, करारात मुंबई होती, मुंबईच ठरली. मात्र ज्या न्यायालयाला मुळातच अधिकार नाही, त्याला तो कराराने देता येत नाही.

याचा फायदा १९९१ साली पटेल रोडवेजच्या खटल्यात दिसला. तामिळनाडूतील बोडिनायकनूरच्या शाखेत वेलदोड्याचा माल वाहतुकीस दिला, तो दिल्लीच्या गोदामात आगीत सापडला. कंपनीची मुख्य कचेरी मुंबईला, करारातही मुंबईच. पण माल दिला तो शाखेत, मुंबईत काहीच घडले नव्हते. तेव्हा मुंबईला अधिकारच नाही आणि ती अट निरुपयोगी, असा निकाल लागला. सभासदाने पावती घेतली ती कंपनीच्या नागपूर शाखेतून की दुकानदाराकडून, हे म्हणूनच आधी पाहावे. विक्रेता म्हणजे शाखा नव्हे, येथे बरेच जण फसतात. विक्रेत्याकडून घेतलेला माल खाप्यात मिळाला तर वादाचे कारण अंशतः इथले म्हणता येईल. पण मुंबईलाही अधिकार असल्यास ती छापील ओळ आड येऊ शकते.

दिवाणी दाव्याची ही गुंतागुंत बऱ्याच सभासदांना टाळता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. खाप्याच्या माणसाला म्हणून नागपूरचा आयोग पुरे. हा हक्क कायद्याने दिला आहे, पावतीने नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही; मुदत मात्र दोन वर्षांची, ती हातची जाऊ देऊ नका.

शेतकरी ग्राहक होतो काय, असे कंपन्या विचारत असत. २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटले. करारात लवाद लिहिलेला असला तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हेही त्यातच ठरले. शिवाय सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा न्यायालयाने केली नाही. माल पुन्हा विकण्यासाठी घेतला असेल त्याला मात्र हा मार्ग नाही.

“आणि भांडण कारखान्याशीच झाले तर ?” असेही एकाने हसत विचारले. सभासद व संस्था यांच्यातील कारभाराचा वाद १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे सहकारी न्यायालयाकडे जातो. हे आम्ही छापतो आहोत, म्हणजे लपवण्यासारखे काही नाही.

त्या भाऊंना आम्ही पावती, हमीपत्र, फुटलेल्या नळीचा तुकडा आणि वावरातले फोटो घेऊन गट कार्यालयात बोलावले आहे. खरेदीला चौदा महिने झाले आहेत.