गाजरगवत : ओळख आणि बंदोबस्त

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतीवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात श्रमदानात आम्ही जी चूक केली, तिचा हिशेब मांडल्यावाचून राहवत नाही. मैदानाच्या कडेचे फुलांवर आलेले गाजरगवत आम्ही विळ्यांनी कापले आणि कुंपणालगत त्याचे ढीग घातले. आठवड्याभरात एका मित्राच्या मानेवर आणि कोपरांच्या खळीत खाजरे चट्टे उठले. महिन्याभरात बुडख्यांना नवे फुटवे आले आणि ढिगांभोवती रोपेच रोपे दिसू लागली.

नावात गवत असले तरी हे गवत नव्हे. ही रुंद पानांची, सूर्यफुलाच्या कुळातील वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. काँग्रेस गवत या नावानेही ती ओळखली जाते. सुरुवातीला तिची कातरलेली पाने चाकासारखी जमिनीला चिकटून पसरतात. गाजराचा किंवा दवण्याचा पाला वाटावा अशी. हिरवळीत ती याच अवस्थेत नजरेतून सुटते. पुढे शिरा असलेले, लवदार खोड वर येते, फांद्या फुटतात आणि बारीक पांढरी फुले लागतात. तिच्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचारोग होतो. परागामुळे शिंका व दमा बळावतो.

मूळची ही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. पी. एल. ४८० खालील गव्हाबरोबर ती आली, असे सर्रास सांगतात. परंतु तारखा जुळवून पाहाव्यात : पुण्यात तिची नोंद १९५५ ची, तर भारत-अमेरिका करार ऑगस्ट १९५६ चा. तेव्हा तिच्या प्रसाराला त्या गव्हाने हातभार लावला असेल, पण पहिल्या आगमनाचा दोष त्याच्यावर ठेवणे कठीण. कर्नाटकाने १९७५ साली तिला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले.

एका झाडाला दहा ते पंचवीस हजार बिया येतात. दहा हजारांतील शंभरच रुजल्या असे धरले, तरी तिसऱ्या पिढीला दहा हजार झाडे उभी राहतात! आमच्या अभ्यासक्रमातले चक्रवाढ व्याजही एवढे निर्दय नाही.

म्हणून पहिला नियम असा, की फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून झाड मुळासकट उपटावे. नुसते कापल्यास ते पुन्हा फुटते. फुलांपूर्वी उपटलेल्याचे कंपोस्ट करता येते. फुलांवर आलेले मात्र खोल खड्ड्यात पुरावे. हिरवळीत टू-फोर-डी हे औषध रुंद पानांचे तण मारते व गवत राखते. ग्लायफोसेट मात्र हिरवळही मारते. टू-फोर-डीचे तुषार वाऱ्याने टोमॅटो, मिरची, कपाशीवर गेल्यास नुकसान होते, म्हणून कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याविना ते वापरू नये.

निसर्गातही साहाय्यक आहेत. मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ साली बंगळूरला सोडण्यात आले. पावसाळ्यात ते याची पाने फस्त करतात. दुसरा साहाय्यक टाकळा. पेडण्यातील आमच्या केरीत पहिल्या पावसाबरोबर तो रस्त्याच्या कडा झाकून टाकतो. कोकणीत त्याला तायकिळो म्हणतात आणि फणसाच्या आठळ्या घालून कोवळ्या पानांची भाजी करतात. त्याच्या दाट सावलीत गाजरगवताच्या रोपांना डोके वर काढता येत नाही. पावसाळ्यानंतर पिकलेल्या शेंगांचे बी जमवून मे महिन्यात कुंपणाकडेला फेकावे. मात्र टाकळा हिवाळ्यात वाळतो आणि मोकळ्या झालेल्या ओलसर जागेत गाजरगवत पुन्हा उगवते. म्हणून हिवाळ्यात दुसरी फेरी हवीच.

यंदा जूनमध्येच, फुले दिसण्याआधी, मराठी व कन्नड दोन्ही विभागांच्या मित्रांनी एक सकाळ द्यावी. हातात विळा नको, हातमोजे पुरेत.