९६ दिवसांचा पहारा

शेजारधर्म हा शब्द आपल्या तोंडी नेहमी असतो; पण शेजारी परदेशातून आलेला आणि सरकारला नकोसा झालेला असला म्हणजे तो धर्म कसा पाळावयाचा, हे सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. हॉलंडमधील हेग शहरात एका लहानशा चर्चपुढे हा प्रश्न २०१८ साली उभा राहिला. त्या मंडळींनी तो कसा सोडविला, हे आपल्या भजनी मंडळांनी आणि सत्संगांनी मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे.

हकीकत अशी. आर्मेनियातून आलेले एक कुटुंब, आईवडील आणि तीन मुले, सुमारे नऊ वर्षे हॉलंडमध्ये राहत होते. वडिलांच्या राजकीय कार्यामुळे मायदेशी जिवाला धोका आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने आधी त्यांच्या बाजूने कौल दिला. सरकारने वर दाद मागितली आणि अखेर आश्रय नाकारला गेला. पाच वर्षांहून अधिक काळ देशात वाढलेल्या मुलांसाठी तेथे २०१३ पासून एक सवलत होती. पण कुटुंबाने स्वतःच्या पाठवणीस सरकारशी सहकार्य केलेले असले पाहिजे, अशी अट तिला जोडलेली होती. आणि त्या अटीपायी बहुतेक अर्ज फेटाळले जात. या कुटुंबाला प्रथम काटवाइक गावच्या एका चर्चने थारा दिला, आणि पुढे ते हेगच्या बेथेल चर्चमध्ये आले.

आता, चर्चच्या भिंती काही पोलिसांना अडवू शकत नाहीत. परंतु डच कायद्यात एक कलम आहे, की उपासना चालू असताना अधिकाऱ्यांनी त्या जागेत शिरू नये. म्हणजे अभय इमारतीला नाही, चालू असलेल्या उपासनेला आहे. ती थांबली की अभय संपले. तेव्हा ती थांबवावयाचीच नाही, असे ठरले. २६ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झालेली प्रार्थना ३० जानेवारी २०१९ पर्यंत, ९६ दिवस, रात्रंदिवस चालू राहिली.

अखंड हरिनाम सप्ताह पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. वीणा खाली टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पुढे व्हायचे, परस्परांच्या पाया पडायचे आणि वीणा गळ्यात घ्यायची. माझे वडील दरबारी गवई. दरबारात गाण्यापेक्षा सप्ताहातला रात्रीचा पहारा अवघड, असे ते म्हणत. दरबारात ऐकणारे असतात. पहाटे तीनला समोर कोणी नसते, आणि तरी सूर सोडता येत नाही. हेगच्या मंडळींपुढे तर आणखी एक अडचण होती. सप्ताहाला काल्याचा दिवस ठरलेला असतो. त्यांना शेवट कधी ते ठाऊक नव्हते.

मग हे निभले कसे? एका चर्चच्या बळावर ते शक्यच नव्हते. सुमारे २० पंथांचे ६५०हून अधिक धर्मोपदेशक पाळीपाळीने आले; काही तर शेजारच्या देशांतून आले. एरवी ज्यांची पूजापद्धती एकमेकांना मानवत नाही, तेही एकामागून एक त्याच ठिकाणी उभे राहिले. कोणी गीते म्हटली, कोणी ग्रंथ वाचले. बाहेर पाऊल टाकल्यास अटकेची भीती, म्हणून मुलांचे शिक्षण खुंटले. तेव्हा त्यांच्या अभ्यासाला मदत करण्याची सोय आतच करण्यात आली. मला हा भाग प्रार्थनेइतकाच मोलाचा वाटतो. आसरा देऊन मुलांना नुसते कोंडून ठेवणे म्हणजे रक्षण नव्हे.

ही कायद्याला दिलेली हुलकावणी नव्हे काय, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. देशात कोणाला ठेवावे हे सरकारनेच ठरवावयाचे असते. पण या मंडळींनी कोणाला लपविले नव्हते. कुटुंब कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. सरकारच्याच कायद्याचा आधार घेऊन त्यांनी सरकारकडे फेरविचारासाठी वेळ मागितला, एवढेच.

वेळ मिळाला. जानेवारी २०१९च्या अखेरीस सत्तारूढ पक्षांत समझोता झाला, आणि फेटाळलेल्या सुमारे ७०० मुलांची प्रकरणे पुन्हा तपासण्याचे ठरले. पुढे या कुटुंबालाही राहण्याचा परवाना मिळाला. मात्र त्याच समझोत्यात ती सवलत पुढच्या मुलांसाठी बंद झाली, आणि संयुक्त राष्ट्रांमार्फत दरसाल घ्यावयाच्या निर्वासितांची संख्या ७५०वरून ५००वर आली. हा हिशेब झाकून या यशाचे गोडवे गाऊ नयेत. प्रार्थनेने दार उघडले. ते उघडे ठेवणे तिच्या हाती नव्हते.

आपण मराठी मंडळी बडोद्यास गायकवाडांच्या मागोमाग आलो. राज्यच आपले, त्यामुळे येथे राहण्याचा परवाना आपणांस कोणी विचारला नाही. ज्याच्या पाठीशी राज्य नाही, त्याची स्थिती आपल्याला म्हणूनच लवकर उमगत नाही. आपल्या मंडळांवर हेगसारखी वेळ येईलच असे नाही. पण परमुलुखातून आलेल्या शेजाऱ्याचे कागद वाचून देणे, त्याच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणे, त्याच्या मुलांचा अभ्यास घेणे, ही कामे प्रत्येक आळीत आहेत. तीही एका उत्साही माणसाने दोन दिवस करून भागत नाहीत. त्यांनाही पाळ्या लावाव्या लागतात. आपल्याकडे सप्ताहाच्या पहाऱ्यांची यादी देवळाच्या भिंतीवर लागते. तशीच आणखी एक यादी तिच्या शेजारी लावावयास हरकत नसावी.