आठ आठवड्यांचे मानसशास्त्र

वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपली चाल जुनी आहे. पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि लग्ने, जत्रा व आंबे यांच्या जोडीला चार विचार कानांवर पडण्याचेही हे दिवस ठरले. विद्यापीठे मात्र या दिवसांत कुलूप लावून बसत. परीक्षा आटोपली की पुस्तके माळ्यावर जात. आता तेथेही बदल होत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची जी चौकट आखून दिली, तीत सुट्टीच्या काळात आठ आठवड्यांचे 'उन्हाळी सत्र' आहे. या सत्रात मानसशास्त्रासारखा विषय कितपत शिकता येईल, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

निघोजे येथे हा प्रश्न कोणास पडतो, असे कोणी विचारील. निघोजे, म्हाळुंगे, खराबवाडी यांच्या शिवारात आज मोटारींचे कारखाने उभे आहेत. बारावी झालेला मुलगा वर्षभर कॉलेजात जातो आणि मग कंपनीत लागतो. मुलीचे शिक्षण लग्नापाशी थांबते. पूर्वी अशांच्या पदरी काहीच पडत नसे, कारण अर्धी पदवी ही पदवी नव्हे. नव्या चौकटीत पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळविणाऱ्यास शिक्षण थांबवून प्रमाणपत्र घेता येते. त्यासाठी आणखी ४ श्रेयांकांचे कामाशी निगडित शिक्षण उन्हाळी सत्रात पुरे करावे लागते. पुढे तीन वर्षांच्या आत परत येण्याची वाट खुली राहते. पदवी मात्र एकंदर सात वर्षांत पुरी झाली पाहिजे. ज्याचे शिक्षण अर्ध्यावर राहणार, त्याच्या दृष्टीने ते आठ आठवडे म्हणजे उंबरठाच होय.

आता मौज अशी की, थोड्या दिवसांत पुष्कळ शिकावे की पुष्कळ दिवसांत थोडे थोडे, हा प्रश्न खुद्द मानसशास्त्राचाच आहे, आणि त्याचे उत्तर या शास्त्राने फार लवकर शोधले. लाइप्झिग येथे वुंट यांनी १८७९ मध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८८५ साली, हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्मरणावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोग ज्याच्यावर करायचा तोही तोच! पाठ करावयाचा मजकूर ओळखीचा असला तर मोजमाप बिघडते, म्हणून त्याने अर्थहीन अक्षरसमूह बनविले. आपल्याकडे 'गेझ', 'ठुफ', 'नोख' असे बनविता येतील तसे. अशा याद्या तो पाठ करी, ठराविक वेळाने पुन्हा पाठ करी, आणि दुसऱ्या खेपेस किती श्रम वाचले ते मोजी. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका दिवसाने ३४ टक्के, एका महिन्याने २१ टक्के. विसरणे आरंभी धबधब्यासारखे आणि मग ओढ्यासारखे चालते, हे तेव्हा प्रथम आकड्यांत दिसले.

त्याचा दुसरा निष्कर्ष आमच्या विषयास अधिक लागू आहे. बारा अक्षरसमूहांची यादी आदल्या दिवशी सलग ६८ वेळा घोकून जेवढा लाभ झाला, तेवढाच लाभ आधीच्या तीन दिवसांत वाटून केलेल्या ३८ आवृत्त्यांनी झाला. जवळजवळ निम्मे काम वाचले!

एका माणसाचा हा प्रयोग. त्यावर किती भिस्त ठेवावी, ही शंका रास्त आहे. म्हणून दुसरे उदाहरण कामगारांचे घेऊ. ब्रिटनमध्ये पत्रांची वर्गवारी यंत्राने करण्यासाठी टपालवाल्यांना टंकलेखन शिकवावयाचे होते. बॅडली व लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले: कोणी रोज एक तास शिके, कोणी दोन, कोणी चार. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रोज एक तास शिकणाऱ्यांना ५५ तासांत जे साधले, त्यास रोज चार तासवाल्यांना ८० तास लागले. पण सर्वांत नाखूश होते ते हेच एक तासवाले, कारण त्यांचे शिक्षण दिवसांच्या हिशेबाने लांबले. माणसाला जे मानवते तेच त्याला फळते असे नाही.

या तराजूत उन्हाळी सत्र घालून पाहू. प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास, म्हणून चार श्रेयांकांचे १२० तास झाले. आठ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज अडीच तास, असा हा हिशेब नेमका बसतो आणि पाळी सांभाळणाऱ्यालाही झेपू शकतो. पण हेच १२० तास रोज बारा तासांप्रमाणे दहा दिवसांतही कोंबता येतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. आमच्या मते दुसरी रीत म्हणजे विद्यार्थ्याच्या श्रमांची उधळपट्टी आहे, आणि मानसशास्त्राच्या वर्गात ती घडावी यात विनोदही आहे.

शिवाय या विषयाची काही प्रात्यक्षिके दिवसांच्या अंतरावाचून होतच नाहीत. आज यादी पाठ केली आणि आठवड्याने तपासली, तरच विस्मरण मोजता येईल. रात्रपाळीच्या पहिल्या आणि सहाव्या दिवशी हातून किती चुका होतात, हे पाहण्यास मध्ये पाच रात्री जाव्याच लागतात. असले निरीक्षण आमच्या या पट्ट्यात जितके सहज करता येईल, तितके पुण्याच्या पेठांत येणार नाही. अर्थात कामगाराची संमती घेऊन आणि त्याचे नाव गुप्त ठेवून; हा शिष्टाचार शास्त्राचाच भाग आहे.

एका गैरसमजाबद्दल मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. वर्षभर शिकून आणि एक उन्हाळा घालवून कोणी मनाचा वैद्य होत नाही. रुग्णांवर उपचार करणाऱ्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञास १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती अशा प्रमाणपत्रावर मिळत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोणी सल्ला विकू लागला, तर त्याच्यापासून दूर राहावे.

राहता राहिली व्यवहाराची बाब. उन्हाळी सत्रात कोणते विषय ठेवावयाचे, हे प्रत्येक संस्थेने आपले अध्यापक व विद्यार्थी पाहून ठरवावयाचे आहे. तेव्हा ज्यांच्या घरी असा विद्यार्थी असेल, त्यांनी परीक्षेपूर्वीच महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: मानसशास्त्राचे उन्हाळी सत्र यंदा भरणार आहे काय, आणि त्याचे तास आठही आठवड्यांत वाटले आहेत काय.