मामीच्या परसातल्या ‘सिंगल’ भाडेकरू

दसऱ्याच्या सुट्टीत साताऱ्याला मामाकडे पोचले, तर मामी किडे मारायचा स्प्रे घेऊन परसात उभी! “गांधीलमाश्या झाल्यात गं. आज स्प्रे, पुढच्या महिन्यात कोबा.” मऊ मातीत पेन्सिल जाईल एवढी पंधरा-वीस भोकं. “पाच मिनिटं थांब ना,” म्हटलं आणि उकिडवी बसले.

गांधीलमाशीची कंबर दोऱ्यासारखी, अंग गुळगुळीत. ही मात्र गुबगुबीत, केसाळ आणि मागच्या पायांना पिवळे पराग चिकटलेले. म्हणजे मधमाशी! पण पोळं नाही, राणी नाही. एका भोकात एकटीच. काळ्या पोटावर चमकते निळे पट्टे बघितले आणि ओळख पटली : अ‍ॅमेजिला. नेमकी जात मात्र मोबाइलच्या फोटोवरून ठरत नाही, बॉस! त्यासाठी पंखांच्या शिरा, नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. भारतातल्या मधमाश्यांवर बिंगहॅमसाहेबांनी १८९७ सालीच जाडजूड ग्रंथ लिहून ठेवलाय.

जगात मधमाश्यांच्या २० हजारांवर जाती, त्यातल्या बहुतेक जणी एकट्या राहणाऱ्या. आपण ओळखतो फक्त मधवाल्यांना. ही मादी एकटीच बीळ खणते, कप्प्यात पराग आणि मधुरसाचा डबा भरते, त्यावर एक अंडं घालते आणि दार लिंपते. राखायला पोळंच नाही, त्यामुळे उगाच अंगावर येत नाही. मुठीत पकडलीत, तर मात्र डंख. नर तर डंखच करू शकत नाहीत. रात्री गवताची काडी जबड्यात धरून मस्त झोपतात.

मामीला काही पटेना. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी सांगलीला गेलो, कृष्णाकाठच्या वांग्यांच्या मळ्यात. जांभळ्या फुलावर तीच निळ्या पट्ट्यांची माशी! फुलाला बिलगली आणि ‘झूंऽऽ’. वांग्याचे पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून पडतात, मिठाच्या डबीसारखे. ते असे थरथरवून झटकावे लागतात. पोळ्यातल्या माशीला हे जमत नाही. टोमॅटोचंही तसंच.

“म्हणजे भरल्या वांग्यात हिचा हात?” मामीनं विचारलं.

“हात नाही, पंखांचे स्नायू!”

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या बागेत अशी भोकं दिसली, तर स्प्रे उचलण्याआधी पाच मिनिटं बसून बघा.

निघायच्या दिवशी परसात डोकावले. त्या कोपऱ्याभोवती मामीनं विटांची रांग लावली होती. कोबा होणारच आहे, तेवढा कोपरा सोडून.