बातमी तीच, रुपया वेगळा

मुंबईतल्या बँकांच्या डीलिंग रूममध्ये डॉलर-रुपयाचे सौदे सकाळी नऊला सुरू होतात, पण डेस्कवरचा गृहपाठ त्याआधीच उरकलेला असतो. पहिली नजर ब्रेंट क्रूडच्या भावावर. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येतं, म्हणजे तेल कंपन्या डॉलरच्या कायमच्या गिऱ्हाईक. मग अमेरिकी रोख्यांचा परतावा. शेवटी रात्री सिंगापूर-लंडनच्या एनडीएफ (नॉन-डिलिव्हरेबल फॉरवर्ड) बाजारात रुपया कुठे होता ते. तिथे रुपया हातात पडत नाही, फक्त फरक डॉलरमध्ये चुकता होतो. तरी सकाळचा पहिला भाव बऱ्याचदा तिथूनच ठरतो.

शेजारी आठवड्याचं कॅलेंडर असतं: महागाई, आयात-निर्यात, रिझर्व्ह बँकेचं धोरण. त्यात प्रत्येक आकड्यापुढे दोन रकाने, मागचा आकडा आणि बाजाराचा अंदाज. नवा माणूस पहिला रकाना बघतो, मुरलेला दुसरा. समजा, अमेरिकेत दोन लाख नोकऱ्या वाढतील असा अंदाज होता आणि दीड लाखच वाढल्या. नोकऱ्या वाढूनही डॉलर पडतो, कारण दोन लाख भावात आधीच धरलेले असतात.

नोकऱ्यांचा हा आकडा बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला येतो. पहिल्या क्षणी डॉलर एका दिशेला उसळतो. मग लोक खालच्या ओळी वाचतात: तासाची मजुरी किती वाढली, बेरोजगारीचा दर किती, मागच्या महिन्यांचे आकडे किती बदलले. पाच-दहा मिनिटांत पहिली उसळी पुसलेली मी अनेकदा पाहिली आहे. मुंबईत तोवर दिवसाचं काम आटोपलेलं असतं, म्हणून शनिवार-रविवारची जोखीम नको असलेले दुपारीच पोझिशन स्क्वेअर करतात, म्हणजे घेतलेले सौदे उलटे करून मोकळे होतात.

आकडा बरोबर वाचला तरी देशाची अवस्था वाचावीच लागते. २२ मे २०१३ रोजी अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्की यांनी रोखेखरेदी कमी करण्याचे नुसते संकेत दिले. तेव्हा ५५-५६च्या घरात असलेला रुपया २८ ऑगस्टला ६८च्याही पलीकडे घसरला. कारण घरातच होतं: २०१२-१३ मध्ये चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या ४.८ टक्के होती आणि ती परक्या पैशावर भागत होती.

त्याच काळात सोन्यावरचं आयात शुल्क दहा टक्क्यांवर गेलं, तेल कंपन्यांना डॉलर थेट रिझर्व्ह बँकेकडून मिळू लागले. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून रघुराम राजन आले आणि डॉलर-रुपया अदलाबदलीच्या (स्वॅप) सवलतीमुळे अनिवासींच्या ठेवी व बँकांची परदेशी कर्जं मिळून ३४ अब्ज डॉलर जमले. डिसेंबरच्या सुरुवातीला जाहीर झालेली तिमाही तूट १.२ टक्क्यांवर उतरली होती. त्याच महिन्यात फेडने कपात खरोखरच जाहीर केली, तेव्हा रुपया काही पैशांपलीकडे हलला नाही.

अर्थात, हा अभ्यास दिशा सांगतो, मुहूर्त सांगत नाही. तूट वाढतेय म्हणून डॉलर घेऊन बसावं, तर सरकारी बँका अचानक डॉलर विकायला उतरतात. बाजार समजतो, मागे रिझर्व्ह बँक आहे. मत बरोबर असूनही स्टॉप लॉस लागतो. म्हणून आयातदाराने फोनवर ‘रुपया कुठे जाईल?’ विचारलं, की जाणता डीलर आधी उलट विचारतो, ‘तुमचं पेमेंट कधी आहे?’