एकसर येथील नौकायुद्धाचे वीरगळ

युद्धांत पडलेल्या वीराची स्मृति शिळेवर कोरून ठेवण्याची चाल आपल्या देशीं फार जुनी आहे. घाटमाथ्यावर वीरगळ गांवोगांव आढळतात. पण त्यांवरील वीर बहुधा गोधन सोडवितांना किंवा गांवाच्या सीमेवर लढतांना पडलेले असतात. समुद्रावर देह ठेवणाऱ्या योद्ध्याचा वीरगळ ही विरळा गोष्ट होय. असे वीरगळ बोरिवलीच्या पश्चिमेस एकसर येथें आहेत. ते कसे वाचावे व त्यांजवरून काय म्हणतां येतें, याचा थोडक्यांत विचार येथें करावयाचा आहे.

एकसर येथील शिळा एकंदर सहा. मोठ्या शिळांची उंची सुमारें १० फूट आहे. १८८२ सालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत त्यांचें सविस्तर वर्णन आलें आहे. त्यांतील पहिल्या दोन शिळांवर भूमीवरील युद्ध असून पुढील शिळांवर नौका कोरल्या आहेत.

वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. उदाहरणार्थ तिसरी शिळा घेऊं. हिच्यावर चार पट्ट आहेत. सर्वांत खालच्या पट्टांत उंच टोंकांच्या पांच नौका युद्धास निघाल्या आहेत. त्यांवर डोलकाठ्या आहेत, बाजूस नऊ नऊ वल्ह्यांची एकेक रांग आहे व वरतीं धनुर्धर उभे आहेत. शेवटच्या नौकेच्या मागील भागीं स्त्रिया दिसतात, त्यावरून ती नायकाची असावी असा तर्क ग्याझेटियरकारांनीं केला आहे. दुसऱ्या पट्टांत चार नौकांनीं एका नौकेस गांठलें असून तिच्यावरील माणसें समुद्रांत पडत आहेत. तिसऱ्या पट्टांत शिवलिंगाची पूजा चालली आहे. चवथ्यांत शिवपार्वती असून शिरोभागीं कलश आहे. समुद्रांत पडणाऱ्याला अग्निसंस्कार कोठचा? पण शिल्पकारानें त्यास त्याच शिळेवर, दोन पट्ट वर, कैलासाप्रत पोंचविलें आहे.

हा वीर कोण? दुसऱ्या पट्टाच्या वर एक लेख होता. तो १८८२ सालींच वाचतां येण्याच्या पलीकडे झिजलेला होता. अक्षरांच्या वळणावरून त्याचा काळ इसवी सनाचें ११ वें शतक असा त्या वेळीं ठरविण्यांत आला. हेन्री कझिन्स यांनीं मात्र या शिल्पांचा संबंध यादव महादेव व उत्तर कोंकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्या युद्धाशीं जोडला. सोमेश्वराचे रानवड (शके ११८१) व चांजें (शके ११८२) येथील शिलालेख पाहतां तें युद्ध इ. स. १२६० नंतरचें ठरतें. म्हणजे या दोन मतांत दीडशें वर्षांहून अधिक अंतर आहे.

दुसऱ्या मतास पोथीचा आधार आहे. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणींतील व्रतखंडाच्या आरंभीं जी राजप्रशस्ति आहे, तींत सोमेश्वर पोहण्यांत निपुण असूनहि महादेवाच्या हत्तींच्या मदजलाच्या नद्यांत सैन्यासह बुडाला असें वर्णन आहे. महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां त्यानें वडवानल पत्करला, असाहि आशय तेथें आहे. यांतील अलंकार वजा करतां समुद्राचा आश्रय व समुद्रांतच अंत एवढें ऐतिहासिक शेष राहतें. तें एकसरच्या शिल्पांशीं जुळतें खरें. पण जुळणें म्हणजे सिद्ध होणें नव्हे. कोंकणच्या किनाऱ्यावर समुद्रयुद्ध एकदांच झालें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. लेख वाचला जात नाहीं तोंवर हें मत संभवनीय म्हणून ठेवावें, निश्चित म्हणून लिहूं नये, असें आम्हांस वाटतें.

या सावधगिरीचें आणखी एक कारण आहे. प्रशस्तिकारानें सोमेश्वराबरोबर बुडालेल्या सर्वांस ‘सैन्य’ या एका शब्दांत आटोपलें. ती विजेत्याची प्रशस्ति. तिला त्यांच्याशीं कर्तव्य नव्हतें. शिळा उभारणाऱ्यानें मात्र एका माणसाच्या मरणासाठीं एवढा पाषाण घडवून आणला, नौकेचीं वल्हीं मोजून कोरविलीं व वर त्याचें नांव घालविलें. नांव झिजलें म्हणून त्या जागीं आपण घाईनें एखाद्या राजाचें नांव बसविलें, तर जो मान त्या वीरास दिला होता तो दुसऱ्यास दिल्यासारखें होईल.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, किनाऱ्याच्या गांवीं नौका कोरलेली शिळा आढळल्यास ती हलवूं नये. प्रथम तिचें स्थान व मोजमाप टिपावें, तिरप्या उन्हांत छायाचित्रें घ्यावीं, आणि पट्टांच्या मधल्या पट्ट्या विशेष लक्षपूर्वक पाहाव्या. कारण लेख बहुधा तेथेंच असतो. शेंदूर किंवा रंग चढला असल्यास तो खरवडूं नये, जाणत्याकडून काढवावा. एकसरचीं अक्षरें वाचणारा वेळेवर पोंचला नाहीं. दुसरीकडे तरी तसें होऊं नये.